गोधडीचा धावदोरा आणि गादीचा टाका

राहाता तालुक्यासह अहिल्यानगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अंथरूण-पांघरुणाचे थर जोडण्याच्या दोन रीती परिचित आहेत. पिंजलेल्या कापसाच्या गादीला ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याचे सुटे टाके घालून गाठी मारतात. जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधडीवर मात्र सलग धावदोरा घातला जातो. गाठींचे काम एका बैठकीत उरकते, धावदोऱ्यापायी स्त्रियांच्या कित्येक दुपारी खर्ची पडतात. तरीही गोधडीने गाठ स्वीकारली नाही, याचे कारण कापडाच्या जीर्णतेत आहे. गाठीवरील ताण एकाच बिंदूवर एकवटतो. गादीची नवी, घट्ट विणीची खोळ तो सोसते. विरलेले लुगडे तेथेच फाटते. शिवाय गादी धुतली जात नाही, कापूस बसला की उसवून पुन्हा पिंजतात. गोधडी धुवावी लागते, आणि भिजलेली गोधडी पिळणे एकट्या बाईचे काम नव्हे! हा सारा ताण धावदोऱ्याच्या असंख्य टाक्यांत वाटला जातो.

सुती लुगडी दुर्मिळ झाल्याने आता कृत्रिम धाग्यांच्या साड्या गोधडीत येतात. त्या निसरड्या असल्याने दूरदूरच्या गाठींमधील थर सरकतात. लोकरीच्या धाग्याने गाठी मारावयाच्याच असतील, तर वरचे व खालचे कापड नवे सुती घ्यावे आणि गाठी चार-चार बोटांवर घ्याव्यात.