एका नोंदीतून दुसरीकडे

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली बाहेर पडला. वाईला बसून 'अ'च्या नोंदी सिद्ध करणाऱ्या संपादकांपुढे एक अवघड काम होतं. जी नोंद अजून छापलेली नाही, बहुधा लिहूनही झालेली नाही, तिच्याकडे वाचकाला आजच पाठवायचं होतं. अजिंठा 'अ'मध्ये, वेरूळ पार 'व'मध्ये. मध्ये सगळी वर्णमाला, शिवाय छपाईची कितीतरी वर्षं. विसावा खंड यायला 2015 उजाडलं. म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मंडळाला कोणत्या विषयावर स्वतंत्र नोंद असणार हे आधीच ठरवावं लागलं. त्या यादीच्या भरवशावर मजकुरातल्या शब्दाआधी बाणाची खूण पडली आणि नोंदीच्या शेवटी 'पहा' आलं. हेल्प फाइल लिहिणाऱ्या कुणालाही या कामाचं मोल पटेल. आम्हाला चुकलेला दुवा दुसऱ्या दिवशी बदलता येतो. त्यांना येत नव्हता.

हाच प्रश्न श्री. व्यं. केतकरांनी 1920 च्या दशकात वेगळ्या वाटेने हाताळला होता. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीतच. ती सलग प्रस्तावना आहे: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. मग अकारविल्हे नोंदी आणि त्यानंतर सूचीचा स्वतंत्र खंड. विषयांचं नातं आधी सांगायचं, तुकडे नंतर करायचे. मला ही रचना आजही धाडसी वाटते. पण तिला पहिल्या पानापासून वाचणारा वाचक हवा, आणि अडलेला माणूस मधूनच कुठेतरी शिरतो.

हेल्प फाइलचा वाचक नेमका असा अडलेला. 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर हेल्प फाइल दाखवणारं विनहेल्प आलं, तेव्हा तिचा मजकूर वर्डमध्ये लिहून आरटीएफ म्हणून जपायचा असे. प्रत्येक टॉपिक नव्या पानावर; # खुणेच्या तळटीपेत त्याचं ओळखनाव; दुव्याच्या शब्दांना दुहेरी अधोरेखा आणि त्यांना चिकटून, लपवलेल्या अक्षरांत, जिथे जायचं त्या टॉपिकचं ओळखनाव. त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की कंपायलर तक्रार करी. ती तक्रार फार उपयोगाची होती. पण ओळखनाव बरोबर आणि टॉपिक भलताच, अशा दुव्याबद्दल तो काही बोलत नसे.

मग विंडोज 95 च्या विनहेल्पमध्ये एक सोय आली, आणि माझ्या मते या सगळ्या काळातली ती सर्वांत महत्त्वाची. दुवा एका टॉपिककडे न बांधता एका विषयशब्दाकडे बांधता येऊ लागला. वाचकाने बटण दाबलं की तो शब्द ज्या ज्या टॉपिकला लावलेला, त्यांची यादी समोर. मागाहून नवा टॉपिक लिहिला, त्याला तोच शब्द लावला, की जुन्या टॉपिकना हात न लावता तो त्या यादीत सामील. छापील खंडाला जे कधीच जमलं नसतं ते इथे घडलं: 'अ'ला 'व'ची बातमी मागाहूनही कळू लागली. 1997 मध्ये एचटीएमएल हेल्पच्या सीएचएम फायली आल्या, त्यांनीही ही सोय ठेवली. विश्वकोश 2011 मध्ये इंटरनेटवर आला तेव्हा छापलेल्या नोंदींनाही तशी वाट मोकळी झाली.

सोय मोठी, तरी तिच्यावर सगळं सोडता येत नाही. आमच्या पडेगावातून जाणारा रस्ता दौलताबाद, खुलदाबाद करत वेरूळला पोचतो. या परिसराच्या नोंदी जोडायला बसलं की काही दुवे निव्वळ नावाचे निघतात. देवगिरी 1327 मध्ये तुघलकाच्या काळात दौलताबाद झाली. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. यातलं कोणतंही नाव शोधणाऱ्याला न विचारता योग्य नोंदीवर नेऊन सोडावं. इथे यंत्र पुरतं.

मलिक अंबरच्या नोंदीतून निघणारे दुवे मात्र नात्याचे. खुलदाबादला त्याची कबर आहे, म्हणून तिकडे. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याच्या काळातली, म्हणून तिकडे. आता 'नहर' हा विषयशब्द लावला, तर यादीत नहर-ए-अंबरीच्या शेजारी पाणचक्कीची नहरही येईल. वाचक समजेल, पाणचक्की मलिक अंबरच्या पाण्यावर फिरली. तसं नाही, पाणचक्कीची नहर वेगळी, मलिक अंबरनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. म्हणून तिथे पाणचक्कीचं नुसतं नाव देऊ नये. 'शहरातली नंतरची, वेगळी नहर : पहा पाणचक्की' असं लिहावं, आणि पाणचक्कीच्या नोंदीतही उलट बाजूने तेवढंच.