एक बरणीला, एक पाखरांना

मिनेसोटातल्या आमच्या अंगणात हिवाळ्यात पारा कधी शून्याखाली तीस अंशांवर जातो. तिथे क्रॅबॲपल लावायचं ठरवलं, तेव्हा दोनच अटी होत्या: फळ आम्हाला खाता यावं आणि पाखरांनाही मिळावं. या दोन अटींचंच एकमेकींशी जमत नाही, हे रोपवाटिकेत गेल्यावर कळलं.

क्रॅबॲपल म्हणजे दोन इंचांहून लहान फळाचं सफरचंद. मी फुलं बघून निवडायला निघाले होते. पण मे महिन्यात सगळीच झाडं गुलाबी-पांढरी होतात आणि मधमाश्या त्यांत भेदभाव करत नाहीत. फरक फळात असतो. पाखराला अख्खं गिळता येईल असं अर्ध्या इंचाचं फळ लागतं आणि पानं झडली तरी ज्याचं फळ फांदी सोडत नाही, असं झाड हवं. ‘रेड ज्युएल’ तसं आहे. गोठून-वितळून फळं मऊ पडली, की हिवाळा सरताना रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग त्यांवर तुटून पडतात. मला मात्र बरण्या भरायच्या होत्या. त्यासाठी फळ मोठं हवं, आणि मोठं फळ हिवाळ्याआधीच पिकून गळतं.

घेतलं शेवटी ‘दोल्गो’. नील्स हॅन्सन या प्राध्यापकांनी रशियातून आणलेल्या बियांपासून साउथ डकोटात ही जात तयार केली आणि १९१७ साली ती बाहेर आली. पानं डागाळून झाड उघडं पाडणारी स्कॅब नावाची बुरशी तिला फारशी लागत नाही. फळ लालभडक, लांबट. आंबटपणात थेट रायआवळ्याची आठवण. पेक्टिन इतकं, की रस साखरेत शिजवला की जेली आपोआप धरते. मी त्यात लवंग-दालचिनी घालते. सासूबाईंनी फोनवर बरणी पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर कोकम सरबत!’’ न शिजवता तसंच खायला गोड फळ हवं असेल, तर मिनेसोटा विद्यापीठाचं १९५७चं ‘सेंटेनियल’ बघावं.

पहिल्या हिवाळ्यात सशांनी खोडाची साल कुरतडली. बुंध्याला जाळी होती, पण बर्फ साचून ससेच वर चढले! आता जाळी कमरेएवढी आहे.

खाली पडलेली दोल्गो मी गोळा करत नाही; संध्याकाळी हरणं येतात. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, न राहवून, ‘रेड ज्युएल’ही लावलंय.