चर्चगेटचं चर्च कुठलं?

चर्चगेट स्टेशनाजवळ कुठंतरी चर्च असणार, म्हणून ते नाव, असं बहुतेकांना वाटतं. पण ते चर्च आहे हॉर्निमन सर्कलपाशी: सेंट थॉमस कॅथीड्रल. फोर्टला तट होता तेव्हा या चर्चकडे नेणारी वेस म्हणजे चर्चगेट. आज तिथं फ्लोरा फाउंटन आहे. १८६०च्या दशकात तट पडला, वेस गेली, नाव स्टेशनाला चिकटलं. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने १६७६मध्ये या चर्चचा पाया घातला आणि ते उघडलं १७१८च्या नाताळात. रखडलेले प्रकल्प मुंबईला नवे नाहीत! शहरातली अंतरंही इथूनच मोजत. रोमन आकडे कोरलेले ते मैलाचे दगड काळबादेवीपासून परळ-दादरपर्यंत होते. फुटपाथ चढत गेले तसे काही गळ्यापर्यंत गाडले गेले.

आता ज्याच्या नावाचं हे चर्च, तो थोमा, म्हणजेच सेंट थॉमस. लोकांना आठवतो तो येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा संशयी शिष्य. पण जिवाला धोका असलेल्या गावी येशू निघाला, तेव्हा ‘आपणही सोबत मरायला जाऊ’ असं म्हणणारा थोमाच होता, हे संशयाची गोष्ट सांगणाऱ्या योहानाच्याच शुभवर्तमानात आहे.

तो इसवी सन ५२मध्ये मलबारला उतरला आणि ७२मध्ये मैलापूरला भाल्याने मारला गेला, ही केरळी ख्रिस्त्यांची पिढीजात श्रद्धा. या सालांना समकालीन लेखी पुरावा नाही. म्हणून सगळंच भाकड ठरवणंही घाईचं. तिसऱ्या शतकातल्या सिरियाक ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात थोमाला भेटणारा गोंडोफरीस राजा कपोलकल्पित मानला जाई, एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणीच सापडली. अर्थात त्याने राजा खरा ठरतो, थोमाची भेट नव्हे. मार्को पोलोने तर वेगळंच ऐकलं होतं: मोरांवर सोडलेला बाण चुकून थोमाला लागला.

दादरचं पोर्तुगीज चर्च पाहून ख्रिस्ती धर्म इथं पोर्तुगीजांनीच आणला, असंही धरून चालतात. पण सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, अनेक अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले (त्यातल्या एकाचं नावही थॉमसच), तेव्हा ते उतरले होते तिथल्याच एका ख्रिस्ती घरी. वास्को द गामा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.