बाईची मजुरी, बाईचे अप्रेझल

माहिती तंत्रज्ञानाच्या, म्हणजे आयटीच्या, नोकरीत बाई म्हणून वाट्याला येणारा भेदभाव दोन प्रकारचा असतो. पहिला उघड दिसतो: अश्लील बोलणे, अंगचटीला येणे, नकार दिला म्हणून कामात त्रास देणे. दुसरा रोजच्या कारभारात मुरलेला असतो. कोणते काम कोणाला द्यायचे, ऑनसाइट म्हणून परदेशी कोणाला पाठवायचे, अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, कोणाला वरचा शेरा द्यायचा, हे ठरताना बाई मागे पडते. पहिल्या प्रकाराची तक्रार करता येते. दुसऱ्यात तक्रार नेमकी कशाची करायची हेच सांगता येत नाही, आणि पगाराचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे साचत जाते.

भंडारा जिल्ह्यातल्या घरांशी या विषयाचा जवळचा संबंध आहे.  भंडारा शहराजवळ शहापूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. पदवी घराजवळ मिळते, पण आयटीतली नोकरी साठ-सत्तर किलोमीटरवरच्या नागपुरात मिहान प्रकल्पात, नाहीतर पुण्याच्या हिंजवडी-खराडीत शोधावी लागते. लाखांदूर किंवा मोहाडीच्या मुलीला नोकरीसाठी घर सोडावेच लागते.

या जिल्ह्यात बाईने कष्टाचे काम करणे नवे नाही. धानाची रोवणी बायकाच करतात, दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून. त्या बिड्या वळतात, कोशाच्या विणकामात हातभार लावतात. तरी बाईची मजुरी वेगळी आणि गड्याची वेगळी. कारण विचारले की नांगर, ओझे आणि अंगातली ताकद पुढे केली जाते. संगणकापुढे हे कारण टिकत नाही. तिथे लागते ती बुद्धी, चिकाटी आणि सराव. तरीही फरक केला जातो, यावरून त्याचे मूळ ताकदीत नव्हते हे स्पष्ट होते.

संगणकाचा इतिहासही हेच सांगतो. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या अमेरिकी संगणकाच्या पहिल्या सहाही प्रोग्रामर स्त्रिया होत्या. त्यांच्याच कामावर प्रात्यक्षिक यशस्वी झाले, पण त्यानंतरच्या मेजवानीचे आमंत्रण त्यांना नव्हते. प्रोग्रामिंगला पुढे पैसा आणि प्रतिष्ठा आली, तसे ते पुरुषांचे काम मानले जाऊ लागले. महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण १९७४ चे आहे. टाटा समूहातील टेल्को कंपनीने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हटले होते. बेंगळुरूला संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी, आजच्या सुधा मूर्ती, यांनी समूहाचे प्रमुख जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावणे आले आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंता झाल्या.

आज अशी ओळ जाहिरातीत छापता येत नाही. भारतीय आयटीत स्त्रियांचा वाटा सुमारे ३६ टक्के आहे, आणि इतर अनेक उद्योगांच्या मानाने तो मोठा आहे. पण पद जसजसे वर जाते, तसतसा तो कमी होतो. ही गळती कशी होते, हे एका टीममधल्या एका दिवसाकडे पाहिले तरी समजते. सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, मुलीने सुचवलेला उपाय कोणी उचलत नाही. दहा मिनिटांनी तोच उपाय सहकाऱ्याने मांडला की पसंत पडतो. मीटिंगचे मिनिट्स लिहायचे, वाढदिवसाचा केक मागवायचा, नव्या माणसाला समजावून सांगायचे, ही कामे न विचारता तिच्याकडे येतात. टेस्टिंग आणि कागदपत्रे तिला; अवघड कोडिंग आणि क्लायंटशी थेट बोलणे त्याला. रात्री अकराला नव्या सॉफ्टवेअरचे रिलीज असते. ती राहते त्या पीजीचे, म्हणजे भाड्याच्या निवासाचे, फाटक दहालाच बंद होते, म्हणून ते काम त्याच्याकडे जाते. वर्षाअखेरीस मॅनेजर म्हणतो, की अडचणीच्या वेळी तोच उभा राहिला.

रात्रीची भीती खरी आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतील तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. अशा घटनांनंतर सुरक्षित वाहतूक आणि सोबतीला रक्षक देणे ही कंपनीची जबाबदारी ठरते. ती टाळून मुलींना रात्रीच्या कामातूनच वगळले, तर गुन्हेगाराच्या कृत्याची किंमत त्यांच्या बढतीतून वसूल होते.

लग्न आणि बाळंतपण हा पुढचा टप्पा. ‘लग्नाचे काय ठरले?’ हा प्रश्न मुलाखतीत मुलाला विचारला जात नाही. लग्न होईल, नवऱ्याच्या गावी जाईल, रजा घेईल, हे गृहीत धरून तिला मोठा प्रकल्प दिला जात नाही. रजेवरून परतल्यावर तिला नव्या तंत्रापासून दूरचे काम मिळते. हे पूर्वग्रह यंत्रातही उतरतात. अर्ज निवडण्यासाठी ॲमेझॉनने तयार केलेली प्रणाली जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवरून शिकली आणि स्त्रियांचे अर्ज खाली ढकलू लागली, हे २०१८ मध्ये उघड झाले. कंपनीने ती आधीच मोडीत काढली होती.

कायद्याचा आधार मात्र भक्कम आहे. राजस्थानातील भंवरीदेवींवरील अत्याचारानंतर दाखल झालेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांवरून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. भंडारा-तुमसरमधील लहान संगणक केंद्रात दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

मुरलेल्या भेदभावालाही उत्तर आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. रात्री साडेनऊनंतरचे काम तिच्या संमतीनेच देता येते, आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करावी लागते. प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहे; पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे.

हे सारे असूनही तक्रारी दबून राहतात, आणि लांबून आलेल्या मुलीच्या बाबतीत त्याचे कारण बहुतेकदा घरात असते. मॅनेजरचा त्रास सांगितला तर आईबाबा ‘नोकरी सोड, घरी ये’ म्हणतील, ही धास्ती तिला गप्प ठेवते. ती परत आली, की त्रास देणारा जागेवरच राहतो आणि शिक्षा तिला होते. म्हणून मुलीला नोकरीवर पाठवताना खोली आणि मेस पाहण्याइतकेच कंपनीच्या समितीतील सदस्यांची नावे विचारून ठेवणे गरजेचे आहे. महाविद्यालयांनी प्लेसमेंटच्या तयारीत या कायद्यांचा एक तास ठेवावा. नकोसा मेसेज, नाकारलेले काम, अप्रेझलचा शेरा, सगळे तारखेसह जपून ठेवायला मुलींना शिकवावे. पुढे तक्रारीत तोच पुरावा ठरतो. आणि घरच्यांनी एवढे आधीच सांगून ठेवावे, की तिने तक्रार लेखी दिली तर तिची नोकरी सोडवली जाणार नाही.