आठशे माणसांचा संसार

घरी चार पाहुणे आठ दिवस राहायला येणार म्हटलं, की आपली केवढी धांदल उडते! गहू पुरतील का, साखर किती आणायची, गाद्या कुठे घालायच्या, पाण्याचं कसं, सगळा हिशेब डोक्यात फिरायला लागतो. मग मैत्रिणींनो, कल्पना करा, एक लाकडी जहाज, त्यावर आठशे माणसे आणि महिनोन् महिने किनाऱ्याचे दर्शन नाही. या संसाराचा गाडा कसा चालत असेल?

ट्रॅफल्गरची १८०५ ची लढाई आणि नेल्सन शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतात. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ येथे आजही पाहायला मिळते. लढाईच्या दिवशी त्यावर आठशेहून अधिक माणसे होती. पण लढाई म्हणजे एका दुपारचे काम. उरलेले सगळे दिवस स्वयंपाक, धुणे, झाडलोट आणि झोप यांचेच की नाही?

आधी झोपेचेच बघा. तुळयांना टांगलेल्या कापडी झोळीत खलाशी झोपत. एका झोळीला जागा किती? चौदा इंच! मुलांच्या दप्तरातल्या पट्टीपेक्षा जेमतेम दोन इंच जास्त. निम्मे लोक पहाऱ्यावर असल्यामुळे शेजारची झोळी बहुधा रिकामी असे, एवढाच दिलासा. सकाळी झोळ्या घट्ट गुंडाळून वर नेऊन ठेवायच्या आणि मग गुडघ्यांवर बसून वाळू नि दगडाने लाकडी तक्तपोशी घासायची. ही धुणीपुसणी पुरुषच करीत, बरं का!

जेवायला सहा ते आठ जणांची एक पंगत. दोन तोफांच्या मधे टांगलेले फळकूट हे त्यांचे टेबल. पाळीपाळीने एकेकाने पंगतीचा कारभार पाहायचा. त्याने शिधा आणायचा, मिठातले मांस भिजत घालायचे, पिठात चरबी नि बेदाणे घालून पुडिंगचा गोळा मळायचा आणि सगळे जाळीच्या पिशवीत घालून, पंगतीचा बिल्ला लावून भटारखान्यात द्यायचे. वाटणीवरून भांडण नको म्हणून एक युक्ती असे. एकाने पाठ फिरवून उभे राहायचे, दुसऱ्याने एका वाट्यावर बोट ठेवून “हा कुणाचा?” विचारायचे आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचे. घरात आंब्याच्या फोडींवरून रुसवे होतात तेव्हा करून पाहायला हरकत नाही!

माणशी आठवड्याचा शिधा ठरलेला होता. कडक बिस्किटे सात पौंड, गोमांस चार पौंड, डुकराचे मांस दोन पौंड, शिवाय वाटाणे, ओटचे पीठ, लोणी आणि चीज. पिंपातले पाणी लवकर खराब होई म्हणून रोज एक गॅलन बिअर. सोमवार, बुधवार, शुक्रवार मांस नाही. या दिवसांना खलाशी काय म्हणत, माहीत आहे? ‘बनियन डे’! मांसाला न शिवणाऱ्या आपल्याकडच्या वाणी व्यापाऱ्यांवरून हे नाव पडले.

कागदावरचा शिधा आणि ताटातला शिधा यांत मात्र फरक होता. जहाजाचा कोठीवाला सोळा औंसांचा पौंड चौदा औंसांनीच मोजी. साठ्यात तूट येते, म्हणून ही कपात त्याला मंजूरच होती. वाण्याने किलोमागे सव्वाशे ग्रॅम कमी घातले तर आपण गप्प बसू का? तेही बसले नाहीत. १७९७ साली स्पिटहेड येथे आरमाराच्या खलाशांनी नांगर उचलायला नकार दिला. मागण्या काय? पगारवाढ, बंदरात ताजी भाजी आणि सोळा औंसांचा पौंड. सरकारला ते मान्य करावे लागले.

स्वयंपाकघरातला एक शहाणपणा तर सरकारला फार उशिरा सुचला. हिरड्या सुजून, जुन्या जखमा उघडून माणसे मरत, तो स्कर्व्ही रोग. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये ‘सॉल्सबरी’ जहाजावर दोन रोग्यांना संत्री व लिंबे दिली आणि तेच सर्वांत लवकर बरे झाले. तरीही आरमाराने लिंबाच्या रसाचा हुकूम काढला १७९५ मध्ये! मधल्या ४८ वर्षांत किती जीव गेले असतील!

आता तुम्ही विचाराल, या संसारात बाई नव्हतीच का? होती. नियमाप्रमाणे हुकमाशिवाय बायकांना समुद्रावर न्यायची बंदी होती. पण तोफांवरचा मुख्य, सुतार, सारंग यांच्या बायका अनेकदा बरोबर असत आणि कप्तान डोळेझाक करी. हजेरीपटावर नाव नाही म्हणून त्यांना शिधाही नाही. नवऱ्याच्या वाट्यातलेच खायचे. कपडे धुवायला गोडे पाणी घेतले तर ॲडमिरलची तक्रार. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा धड वाळत नाही, हे त्या ॲडमिरलला कोण सांगणार?

१ ऑगस्ट १७९८ च्या नाईलच्या लढाईत ‘गोलायथ’ जहाजावर या बायका दारू-गोळ्याच्या कामात होत्या, जखमींची शुश्रूषा करीत होत्या. त्यात काही जखमी झाल्या, एक मरण पावली आणि एकीने ऐन लढाईत मुलाला जन्म दिला. जॉन निकोल या खलाशाने हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळले. नवरे मारले गेलेल्या चौघींची नावे कप्तानाने हजेरीपटावर घेतली आणि त्यांना दोन-तृतीयांश शिधा सुरू केला. तोही काही महिनेच.

पुढे १८४७ मध्ये जुन्या लढायांतल्या हयात लोकांना पदक देण्याचे ठरले. जेन टाउनशेंड ट्रॅफल्गरला हजर होती, तर ॲन हॉपिंग आणि मेरी ॲन रायली नाईलला. तिघींनी अर्ज केले आणि तिन्ही अर्ज फेटाळले गेले. उपयोगी पडल्या नाहीत म्हणून नव्हे हं! अशा उपयोगी पडलेल्या बायका पुष्कळच आहेत, यांना दिले तर अर्जांचा पूर येईल, म्हणून.

आणि गंमत ऐका. १ जून १७९४ च्या लढाईच्या वेळी ‘ट्रिमेंडस’ जहाजावर डॅनियल नावाचे बाळ जन्मले होते. त्याला पदक मिळाले. यादीत त्याचा हुद्दा लिहिला आहे ‘बाळ’!

त्याच्या आईसाठी मात्र त्या यादीत रकानाच नव्हता.