चांद्याच्या सपाता आणि घरातील चर्मकला

१९११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटानिका विश्वकोशाच्या अकराव्या आवृत्तीत चांदा या नगराला जेमतेम एक परिच्छेद लाभला आहे. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमावरील गोंड राजांची राजधानी, तिच्याभोवतीचा साडेपाच मैल घेराचा दगडी परकोट, जुनी देवालये आणि समाध्या यांची नोंद झाल्यावर त्या परिच्छेदात येथील उदीम सांगितला आहे, आणि सुती कापड, रेशीम व पितळी भांडी यांच्या पंक्तीला चौथा जिन्नस म्हणून कातड्याच्या सपातांचे नाव घेतले आहे. आज चंद्रपूर म्हटले की कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागदाचा कारखाना आणि ताडोब्याचा वाघ डोळ्यांपुढे येतात. सपातांचे नाव सहसा कोणी काढीत नाही. अशा या मुलखात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात आणि १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, एखाद्या शिक्षकाला, गृहिणीला किंवा सेवानिवृत्त वनकर्मचाऱ्याला घरच्या ओसरीवर बसून कातड्याचे काम छंद म्हणून शिकावेसे वाटले, तर त्याने आरंभ कोठून करावा, हा या लेखाचा विषय आहे. माझ्या मते तो आरंभ टपालाने मागविलेल्या हत्यारांच्या पेटीपासून करू नये. या प्रदेशात कातडे कशाने कमावले जात असे आणि कोणाच्या हातून कमावले जात असे, हे दोन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अरण्यात आहे. जनावराची ओली चामडी दोन दिवसांत कुजू लागते, आणि नुसती वाळविली तर पत्र्यासारखी ताठ होते. तिला मऊ, टिकाऊ व पाण्याला न भिणारे रूप देणारे द्रव्य म्हणजे वनस्पतींतील कषाय, ज्याला रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात. हे द्रव्य चामडीच्या तंतूंशी घट्ट बांधले जाते, तंतूंमधील पाण्याची जागा घेते, आणि मग कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना तेथे काही करता येत नाही. गडचिरोलीच्या दाट रानात हिरडा आहे, बेहडा आहे, ऐन आहे, बहावा आहे, आणि वरोऱ्याकडच्या काळ्या जमिनीच्या बांधांवर बाभळी आहेत; या प्रत्येकाचे फळ अथवा साल भारतात कुठे ना कुठे कातडे कमावण्याच्या कामी आलेली आहे. हिरड्याच्या वाळलेल्या फळात शेकडा ३० च्या आसपास कषाय असते, बाभळीच्या सालीत साधारणतः शेकडा १२ ते २०. परंतु या आकड्यांहून महत्त्वाचा आहे तो दोघांचा स्वभाव. हिरड्याचा अर्क आंबतो, त्या आंबटपणाने चामडी फुगते व कषाय आत शिरण्यास वाट होते, आणि कातड्याला फिकट पिवळसर छटा येते. बाभळीचा अर्क कातड्याला तांबूस आणि भरीव करतो. म्हणूनच जाणते कारागीर केवळ एकावर न विसंबता दोहोंची सांगड घालीत असत.

गावठी रीत अशी होती: चामडी धुऊन चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवायची, केस सैल झाले की खरवडून काढायचे, आतल्या बाजूचे मांस रापीने तासायचे, चुना पुन्हा पुन्हा धुऊन काढायचा, मग सालीच्या अर्कात बुडवायची. शेवटी त्या चामडीच्याच कडा शिवून तिची पिशवी करावयाची, ती लाकडी घोडीला टांगायची, आणि तिच्यात सालीचा चुरा व अर्क भरून तो आतून बाहेर झिरपू द्यायचा. खाली ठेवलेल्या भांड्यात जमलेला अर्क पुन्हा वरून ओतायचा. एकही यंत्र न वापरता द्रवाच्या दाबाने कषाय कातड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचविणारी ही योजना ज्याने प्रथम शोधून काढली, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात सापडत नाही, याचे मला नेहमी दुःख होते.

नाव सापडत नाही याचे कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम महारांवर, कातडे कमावण्याचे ढोरांवर, जोडे आणि वहाणा शिवण्याचे चांभारांवर, अशी वाटणी जन्माने लादलेली होती; मालगुजारीच्या काळात शेतकऱ्याची मोट, चाबूक आणि वहाणा यांच्या मोबदल्यात खळ्यावर धान्य मिळे, आणि त्याच हातांचा स्पर्श मात्र विटाळ मानला जाई. कातड्याचे ज्ञान गावाला हवे होते, ते जाणणारा माणूस गावाबाहेर हवा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेपासून मृत जनावरांशी जोडलेली ही हीन कामे टाकून देण्याचे आवाहन केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्यास आले व येथेही सहस्रावधी लोकांना त्यांनी दीक्षा दिली. त्या दिवसाची चंद्रपूरची दीक्षाभूमी हे या जिल्ह्यातील चर्मोद्योगाच्या इतिहासाचेही एक स्थळ आहे, असे मी मानतो. कारण एखादे काम नाकारण्याचा अधिकार जेथे माणसाला मिळतो, तेथेच ते काम कोणी आवडीने पत्करण्याला अर्थ येतो.

याच कामाकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी येथून फार दूर नसलेल्या वर्ध्यात घडत होती. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर सपाता करावयास शिकले होते. त्यांचे स्नेही कॅलनबाख मरियनहिल येथील ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन ती कला शिकून आले, आणि त्यांच्याकडून गांधीजींनी ती घेतली. त्यांनी दिलेला सपातांचा एक जोड जनरल स्मट्स यांनी अनेक वर्षे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त आदराने परत पाठविला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. १९३४ साली ‘हरिजन’ पत्रात गांधीजींनी गावठी चर्मोद्योगावर एक लेख लिहिला व कच्ची चामडी परदेशी जाऊन तिच्याच वस्तू होऊन परत येतात, या नुकसानीकडे लक्ष वेधले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला, नैसर्गिक मृत्यूने मेलेल्या जनावरांचेच कातडे वापरावयाचे या निर्बंधाने, गोपाळराव वाळुंजकर यांच्या देखरेखीखाली गोसेवा चर्मालय चालले. बाबासाहेबांचा मार्ग काम टाकण्याचा आणि गांधीजींचा मार्ग काम उजळण्याचा, असे या दोहोंतील अंतर थोडक्यात सांगता येईल. ज्यांच्यावर हे काम लादले गेले त्यांच्या बाजूने पाहिले असता पहिला मार्ग अधिक न्याय्य होता, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. दुसरा मार्ग ज्यांच्यावर ते कधीच लादले गेले नव्हते त्यांच्यासाठी होता, आणि आजचा छांदिष्ट बहुधा त्याच वर्गातून येतो. शांतिनिकेतनच्या परिवारात रथींद्रनाथ व प्रतिमादेवी यांनी बकऱ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर ठसे आणि बाटिक यांची कला रुजविली, तेव्हा बंगालच्या सुशिक्षित घरांत कातडे प्रथमच असे मानाने आले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. घरी कातडे कमावण्याचा खटाटोप नवख्याने करू नये, हे मी प्रथम सांगतो. चुन्याचे आणि कषायाचे सांडपाणी विहिरीत किंवा बोडीत गेले तर शेजाऱ्यांना त्याचा उपद्रव होतो, आणि दुर्गंधीने घरातील माणसे छंदालाच विटतात. दुसरी सूचना या अरण्यमुलखासाठी विशेष आवश्यक आहे. एके काळी सांबराच्या मऊ कातड्याचे जोडे मध्य प्रांतात मोठ्या आवडीने वापरले जात. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर, चितळ अथवा अन्य वन्य प्राण्याचे कातडे परवान्याविना जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, मग ते आजोबांच्या पेटीत सापडलेले असो वा जंगलात मरून पडलेल्या जनावराचे असो. गाईच्या वधाला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने आणि बैल व वळू यांच्या वधाला २०१५ च्या दुरुस्तीने बंदी झाल्यामुळे छांदिष्टाने म्हैस, बकरी व मेंढी यांचेच कातडे मागावे. त्याच्या कामाला ते पुरेसे आहे.

कातडे विकत घेताना सालीने कमावलेले आणि क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, यांतील भेद ओळखता आला पाहिजे. जगातील बहुतांश कातडे आज दुसऱ्या रीतीने तयार होते, कारण ज्या कामाला सालीच्या कुंडात आठवडे लागत ते तेथे एका दिवसात उरकते. परंतु पाण्याने भिजवून ठसा उमटविणे, कड घासून चकचकीत करणे, घडी घालून आकार देणे ही सारी कामे सालीच्या कातड्यावरच साधतात. कापलेली कड पाहावी: ती आरपार तपकिरी असेल तर साल, मधोमध निळसर-करडी रेघ असेल तर क्रोम. कातडे चौरस फुटावर विकले जाते आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. पाकिटाला एक ते दीड, कमरेच्या पट्ट्याला तीन ते चार मिलिमीटर जाडी लागते. अखंड कातडे घेण्याची घाई न करता आरंभी कारखान्यांतील उरलेले तुकडे वजनावर घ्यावेत, म्हणजे हात बिघडला तरी पैसा बुडत नाही.

हत्यारे थोडीच लागतात: एक धारदार रापी, पोलादी पट्टी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला तागाचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा, लाकडी हातोडा, भोके पाडण्याचा पंच, आणि खाली ठेवावयास गुळगुळीत शहाबादी फरशी. रापीला धार लावणे हे कातडे कापण्याच्याही आधी शिकावे. बोथट पाते जोर मागते, जोर दिला की पट्टी सरकते, आणि इजा बहुधा अशाच वेळी होते. आधी पुठ्ठ्यावर आकार बेतून घडी घालून पाहावा, मग तो कातड्यावर आरीच्या टोकाने हलकेच उतरवून एका सलग हालचालीत कापावा.

या कलेचा प्राण शिवणीत आहे, म्हणून तेथे थोडे रेंगाळतो. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या कारागिराच्या आरीला टोकाशी आकडी असते. ती वरून खुपसून खालचा दोरा फाशाच्या रूपाने वर ओढून घेते आणि दुसरे टोक त्या फाशातून जाते, त्यामुळे जाड तळवाही क्षणात शिवून होतो. घरकामासाठी खोगिराला घालतात ती शिवण मला अधिक मानवते. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट दोरा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या, तीन ते चार मिलिमीटर अंतरावर भोके पाडायची, आणि प्रत्येक भोकातून एक सुई डावीकडून व दुसरी उजवीकडून काढून दोन्ही हातांनी सारख्याच ताणाने ओढायचे. यंत्राच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. येथे एकच दोरा दोन्ही अंगांनी प्रत्येक भोकातून जात असल्याने एक टाका झिजून तुटला तरी बाकीची शिवण तग धरते. कोणती सुई आधी घालायची आणि दुसरी तिच्या वरून काढायची की खालून, हा क्रम शेवटपर्यंत बदलता कामा नये. टाक्यांची तिरपी ओळ एकसारखी येते ती या सातत्यामुळे.

कडांना झळाळी आणण्यासाठी परदेशी पुस्तके विशिष्ट डिंकाचे नाव सांगतात. आपल्या रानात धावड्याचा डिंक आहे, तो पाण्यात भिजवून, पातळ करून बोटाने कडेवर फिरवावा आणि गुळगुळीत लाकडाने कड तापेपर्यंत घासावी. काळ्या रंगासाठी तर बाजारात जाण्याचेही कारण नाही. गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून झालेले लोहजल गाळून सालीच्या कातड्यावर फिरविले, की कातड्यातील कषायाशी लोखंडाचा संयोग होऊन रंग पृष्ठभागावर न बसता आतूनच काळा होतो. हिरड्याच्या कातड्यावर त्याला निळसर छटा येते, बाभळीच्या कातड्यावर हिरवट. हिरडा आणि हिराकस यांची शाई करून आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, तेथेही हाच संयोग कामी आला. रंग दिल्यावर कातडे पाण्याने पुसून, वाळवून, तिळाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल अधिक झाले तर कातडे लिबलिबीत होते आणि ते पुन्हा काढता येत नाही.

हवामानाचीही काळजी घ्यावी लागते. गडचिरोलीच्या पावसात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कातड्यावर आठवडाभरात बुरशी येते, म्हणून ते सुती कापडात, भिंतीपासून दूर, हवेशीर ठेवावे. आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तेच कातडे कोरडे पडून घडीवर तडकते, तेव्हा उन्हात वाळविण्याचा मोह टाळावा.

पुस्तके व चित्रफिती पुष्कळ उपलब्ध आहेत, तरी माझा आग्रह असा की निदान आरी धरणे आणि रापीला धार लावणे या दोन गोष्टी बाजारपेठेत बसणाऱ्या एखाद्या चर्मकार काकांकडून शिकाव्यात, आणि त्यांचा मेहनताना शिकवणी आरंभण्याच्या आधी, त्यांनी सांगितलेल्या दराने ठरवून द्यावा. शिंपी किंवा गायनमास्तर यांना जो मोबदला आपण बिनतक्रार देतो, तो या माणसाला देताना घासाघीस करण्याची सवय आपल्या समाजाला लागली आहे. तिचे मूळ कोठे आहे हे वर सांगितलेच. त्यांनी आपल्या मुलाला हे काम शिकविले नसेल, तर का शिकविले नाही असे त्यांना विचारू नये. तो निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतलेला असतो. आपण केलेले पाकीट त्यांना दाखवावे, दोष विचारावेत, आणि सांगितलेला टाका उसवून त्यांच्यासमोर पुन्हा घालावा. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र शिकावयास जाऊ नये. त्या दिवशी त्यांच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग असते.