'चेटकीण' हा शब्द आणि तरुण वाचकांच्या अद्भुतरम्य कादंबरीचा अखेरचा खंड

प्रस्तावना :

आपल्या विद्यार्थ्यांचे अवांतर वाचन कोणत्या दिशेने चालले आहे, याची नोंद भाषा-साहित्याच्या अध्यापकांनी अधूनमधून घेणे अगत्याचे आहे. भिवंडीतील टेमघर हा यंत्रमागांच्या शहराचा भाग. येथे मराठी, उर्दू आणि तेलुगू मातृभाषेचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. अशाच एका वर्गात द्वितीय वर्ष कला शाखेतील एका विद्यार्थिनीने अमेरिकन लेखिका शेल्बी महुरिन यांच्या कादंबरीत्रयीतील शेवटच्या पुस्तकाचा परिचय मराठीतून करून देण्याचे ठरविले आणि ती पहिल्याच वाक्याला अडखळली. "या कादंबरीची नायिका चेटकीण आहे," असे ती म्हणताच वर्ग हसला. प्रस्तुत लेखाचा प्रारंभ त्या हसण्यातून झाला आहे.

कथानक आणि त्यातील पेच :

सदर त्रयीतील 'सर्पंट अँड डव्ह' २०१९ मध्ये, 'ब्लड अँड हनी' २०२० मध्ये आणि 'गॉड्स अँड मॉन्स्टर्स' हा अखेरचा खंड २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या फ्रान्सच्या धर्तीवर कल्पिलेल्या एका राज्यात हे कथानक घडते. लू ही आपली ओळख लपवून राहणारी चेटकीण, तर रीड हा चेटकिणींना हुडकून ठार करण्याची शपथ घेतलेला चर्चचा सैनिक. परिस्थितीच्या रेट्याने या दोघांचा विवाह होतो आणि तिरस्काराचे रूपांतर हळूहळू प्रेमात होते. लूची आई मॉर्गन ही चेटकिणींची अधिस्वामिनी. राजवंशाचा सूड घेण्यासाठी ती पोटच्या मुलीचा बळी द्यावयास निघालेली आहे. या जगातील जादूला नेहमी किंमत मोजावी लागते. काही मिळवायचे तर आपल्याजवळचे काही द्यावे लागते.

या नियमाचा खरा कस अखेरच्या खंडात लागतो. लूला वाचविण्यासाठी रीड आपल्या तिच्याविषयीच्या स्मृतीच देऊन टाकतो. ती वाचते, मात्र त्याच्या लेखी ती आता कोणीच नाही, निव्वळ चेटकीण आहे. स्मृतिभ्रंशाची ही युक्ती जुनीच. आपल्याकडे कालिदासाने अंगठी आणि शाप यांच्या आधारे ती शतकानुशतकांपूर्वी वापरली. परंतु दुष्यंत शकुंतलेला विसरतो तेव्हा त्याच्या मनात तिच्या जातकुळीविषयी आधीपासून शिकविलेला द्वेष नसतो. रीडच्या मनात तो आहे. सहवास पुसला गेला, शिकवण मात्र शाबूत राहिली. ती स्त्री नाहीशी होऊन तिच्यावरचा शिक्का तेवढा उरतो, हे या खंडातील सर्वांत विचारप्रवर्तक स्थळ आहे, असे मला वाटते. लढाया आणि मंत्रतंत्र यांचा पसारा त्यामानाने नेहमीचाच आहे.

मराठीतील शब्दसंपत्ती :

इंग्रजीत जे काम एक शब्द करतो ते मराठीत अनेक शब्दांत वाटले गेले आहे. हडळ आणि जखीण ही मृत स्त्रियांची भुते. डाकीण ही मात्र जिवंत बाई. नंदुरबारकडे हा शब्द शेजारणीला उद्देशून उच्चारला जातो. ठाणे-पालघरच्या पाड्यांत त्याच अर्थाने 'भुताळी' म्हणतात. उरली चेटकीण. ती बालसाहित्याच्या वाट्याला गेली आणि रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकिणीने तिला कायमचे विनोदी रूप दिले. ही भूमिका प्रथम दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नव्या प्रयोगात वैभव मांगले यांनी केली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुरुष नट चेटकीण होतो तेव्हा प्रेक्षकाला मोकळेपणाने हसता येते, कारण रंगमंचावर दिसते ती खरी बाई नाही याची खात्री असते. माझा वर्ग हसला तो चिंचीला. (आम्ही अध्यापकही त्याच प्रयोगांवर वाढलो, त्यामुळे मीही हसलो, हे मान्य केले पाहिजे.)

उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मात्र हसू आले नाही. त्यांच्यापैकी एकाने घरी आजोबांकडून ऐकलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे नाव घेतले. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून प्रसिद्ध केलेल्या या प्रचंड दास्तानीत महरुख आणि बहार यांसारख्या जादूगारिणी रूपवान, शूर आणि सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या आहेत. मराठी वाचकालाही हा प्रदेश सर्वस्वी परका नव्हता. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिलेल्या अरबी कथांच्या भाषांतराने चमत्काराची गोडी आपल्या गद्याला लावलीच होती. तथापि होशरुबातील जादूगारीण सन्मानास पात्र ठरते ती मायावी बादशहा अफरासियाबचा पक्ष सोडून नायकांच्या पक्षास मिळाल्यावर. महुरिन यांच्या लूवर अशी अट नाही. अखेरच्या खंडाच्या शेवटीही ती चेटकीणच राहते आणि रीडला तिच्यावर नव्याने प्रेम करावे लागते.

कायद्यातील चेटूक :

येथपर्यंतचे विवेचन वाङ्मयीन झाले. पण महाराष्ट्रात हा शब्द कायद्याच्या पुस्तकातही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. चेटूक केल्याच्या नावाखाली एखाद्यास मारहाण करणे, त्याची नग्न धिंड काढणे किंवा त्याच्या दैनंदिन व्यवहारांवर बंदी घालणे हा त्यान्वये गुन्हा आहे. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरांचे दूध आटते किंवा रोगराई पसरते, असे भासविणे हाही गुन्हाच. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे.

यापुढे कादंबरी आपल्याला फारशी साथ देत नाही. परिचय वाढला की द्वेष गळून पडतो, अशी तिची श्रद्धा आहे. तिचा सुखान्त याच श्रद्धेवर उभा आहे. डाकीण ठरविली जाणारी बाई मात्र बहुधा अपरिचित नसते. ती भावकीतली असते, बांधाला बांध लागून असलेली असते, पुष्कळदा विधवा असते आणि तिच्या नावे जमिनीचा एखादा तुकडा असतो. तिला सगळे ओळखतात. आरोप करणाऱ्यांपैकी कोणाचीही स्मृती गेलेली नसते.

वर्गात हा मुद्दा मांडल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या विद्यार्थिनीने पुढील आठवड्यात आपला परिचय लिहून आणला. 'चेटकीण' खोडून तिने आधी 'जादूगारीण' लिहिले होते. नंतर तेही खोडून पुन्हा 'चेटकीण' लिहिले होते आणि समासात प्रश्नचिन्ह काढले होते. मी गुण दिले. प्रश्नचिन्ह तसेच ठेवले.